आमच्या घराचा फिरता पत्ता

घर बदलणे ही आपल्याकडे केवढी उलाढाल असते! रेशन कार्ड, गॅस, बँक, विमा, मुलांची शाळा – जिथे जिथे म्हणून आपला पत्ता लिहिलेला असतो, तिथे तिथे अर्ज करावे लागतात. आणि एवढे करूनही जुन्या घरी जाणारी पत्रे पुढे वर्षभर तिकडेच जात राहतात. पण वाचकहो, आज शहरातल्या बहुतेक घरांना आणखी एक पत्ता असतो. तो रातोरात बदलतो, आणि घरातल्या एकालाही त्याचा पत्ता लागत नाही!

हा पत्ता म्हणजे टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर डोळे मिचकावत बसलेल्या त्या राउटरचा पत्ता. इंटरनेटच्या जगात आपले घर याच आकड्याने ओळखले जाते. त्याला पब्लिक आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. चार आकडे आणि मध्ये तीन टिंबे, असे त्याचे नेहमीचे रूप: समजा, २०३.०.११३.४२. (हा आमचा खरा आकडा नव्हे. पुस्तकांत आणि लेखांत उदाहरणादाखल वापरता यावेत म्हणून आकड्यांचे तीन गट २०१० साली बाजूला काढून ठेवले गेले. त्यांतलाच हा एक.)

गेली तीन वर्षे मी या आकड्याची वही ठेवीत आलो आहे. रोज सकाळी सातला आणि रात्री नऊला एकेक नोंद. शिवाय वीज जाऊन आली की आणखी एक. रकाने पाच: तारीख, वेळ, राउटर सांगतो तो आकडा, बाहेरून दिसतो तो आकडा, आणि शेरा. आयुष्यभर कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला शेऱ्याच्या रकान्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या सौ.ना हा प्रकार प्रथम निव्वळ रिकामपणाचा उद्योग वाटला. "अहो, दुधाचे खाडे तेवढे नीट लिहा, म्हणजे पुरे!" असा त्यांचा अभिप्राय होता. तो पुढे का बदलला, ते सांगण्यापूर्वी हा पत्ता फिरतो तरी कशासाठी, ते पाहू.

पत्ते थोडे, घरे फार

या पत्त्यांची आजही चालू असलेली पद्धत १९८१ साली ठरली. तिच्यात सारे मिळून सुमारे ४२९ कोटी आकडे बसतात. त्या वेळी या जाळ्यातली यंत्रे काही शेकड्यांत मोजण्याजोगी होती. तेव्हा ४२९ कोटी म्हणजे अक्षय्य भांडारच वाटले असेल. कोणता आकडा कोणाला दिला याची यादी जॉन पोस्टेल नावाचे अमेरिकन संशोधक सांभाळीत, आणि यंत्रांच्या नावांची यादी एलिझाबेथ फाइन्लर या बाईंच्या कचेरीत राखली जाई. म्हणजे आज ज्या जाळ्याचा एवढा गाजावाजा आहे, त्याचा पायाही कोणीतरी नेटाने ठेवलेल्या याद्यांवरच उभा आहे.

पुढे घरोघरी संगणक आले, मग मोबाइल आले. आपल्याकडे सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. भांडाराला तळ दिसू लागला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट निरनिराळ्या खंडांच्या नोंदणीसंस्थांना वाटून टाकण्यात आले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा नेहमीचा साठाही संपला. तेव्हापासून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना हाताशी असलेल्या आकड्यांतच भागवावे लागते. मग त्या काय करतात? आकडा ग्राहकाला विकत देत नाहीत, भाड्याने देतात.

हा भाडेकरार मोठा गमतीचा असतो. त्याची मुदत काही तासांची किंवा काही दिवसांची. प्रचलित पद्धतीत निम्मी मुदत संपली की राउटर आपण होऊन विचारतो, "पुढे राहू का?" बहुधा होकार मिळतो आणि आकडा तोच राहतो. पण वीज गेली, राउटर बराच वेळ बंद राहिला, किंवा कंपनीने काही फेरफार केला, की जुनी खोली दुसऱ्या भाडेकरूला जाते आणि आपल्या वाट्याला नवी येते. काही जोडण्यांत तर राउटर बंद करून चालू केला की लगेच नवा आकडा मिळतो. माझ्या वहीत एकच आकडा सलग बावीस दिवस टिकल्याची नोंद आहे, आणि पावसाळ्यातल्या एका दिवसात चार आकडे बदलल्याचीही आहे. त्या दिवशीच्या शेऱ्यात एवढेच लिहिले आहे: "वीज. वीज. वीज."

याहून दाटीची व्यवस्था म्हणजे चाळीचा सामायिक नळ. काही कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच आकडा देतात आणि आतल्या आत प्रत्येकाला निराळा क्रमांक देऊन ओळखतात. राउटर सांगतो तो आकडा आणि बाहेरून दिसतो तो आकडा यांत फरक पडला, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असला, तर आपण या सामायिक नळावर आहोत असे समजावे. माझ्या वहीत दोन रकाने आहेत ते याचसाठी. आमचे दोन्ही आकडे जुळतात. शेजारच्या इमारतीतल्या माझ्या एका स्नेह्यांचे जुळत नाहीत.

ते पत्र

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला कंपनीकडून एक ई-पत्र आले. भाषा सभ्य, पण मजकूर घाबरविणारा. "आपल्या जोडणीवरून दुसऱ्यांच्या संगणकांत शिरण्याचे प्रयत्न झाल्याची तक्रार आली आहे. आकडा २०३.०.११३.७७. तारीख १४, वेळ २१.१०." त्याच्यापुढे इंग्रजी 'झेड' हे एक अक्षर. तातडीने बंदोबस्त न केल्यास जोडणी तोडावी लागेल, असा शेवट.

घरात एकदम शांतता पसरली. सूनबाई घरूनच काम करते. जोडणी तुटली तर तिची नोकरीच अडचणीत यायची. चिरंजीव कामानिमित्त परगावी. सौ.नी देवापुढे आधीच दिवा लावला होता, त्यात आणखी तेल घातले. मी वही काढली.

१४ तारखेला रात्री नऊची नोंद: २०३.०.११३.४२. म्हणजे पत्रातला आकडा त्या वेळी आमचा नव्हताच! सौ.चा चेहरा खुलला. "लिहून पाठवा त्यांना! आपल्या घराचा काही संबंध नाही म्हणावे!"

पण सूनबाई पत्राकडे पुन्हा पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, हे झेड अक्षर आहे ना, याचा अर्थ ही वेळ आपली नाही. ही जागतिक प्रमाणवेळ आहे. तुम्ही यात साडेपाच तास मिळवा."

मिळविले. २१.१० अधिक साडेपाच तास, म्हणजे १५ तारखेची पहाट, दोन वाजून चाळीस मिनिटे. आता वहीतली पुढली ओळ पाहा. त्या रात्री साडेअकराला वीज गेली होती. उकाड्याने मी जागाच होतो. बारा वाजून दहा मिनिटांनी ती आली आणि बारा-वीसला मी नोंद केली होती: २०३.०.११३.७७. सकाळी सातला पुन्हा ७७.

म्हणजे तो उपद्व्याप आमच्याच घरातून झाला होता; आणि तोही घरातली सर्व माणसे गाढ झोपेत असताना!

मग शोध सुरू झाला. संगणक बंद होते, मोबाइल उशाशी होते. रात्रंदिवस जागे असणारे यंत्र घरात एकच: दाराबाहेर बसविलेला कॅमेरा. ज्या कारागिराने तो बसविला, त्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता आणि बाहेरगावाहून मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये एक दार कायमचे उघडे करून ठेवले होते. चोरांवर पाळत ठेवायला बसविलेल्या पहारेकऱ्याच्या अंगातच चोर शिरला होता! असे होते हे जगाला ठाऊक नव्हते असे नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या संकेतस्थळांचा कारभार काही तास विस्कळीत केला होता. आम्ही ते दार बंद केले, कॅमेरा मूळ स्थितीला आणून त्यात नवा प्रोग्रॅम भरला, पासवर्ड बदलला, आणि कंपनीला तसे कळविले. जोडणी राहिली.

वही नसती तर "आमचा नव्हेच तो" असे आम्ही मनापासून म्हटले असते, आणि तो कॅमेरा दारावर बसून रोज रात्री आपला धंदा करीत राहिला असता.

आकडा आणि घड्याळ

या प्रकरणात मला एक गोष्ट पक्की कळली. नुसता आकडा म्हणजे पत्ता नव्हे. आकडा आणि वेळ मिळून पत्ता होतो; आणि वेळ म्हणजे कोणाच्या घड्याळातली, हेही सांगावे लागते. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नवे वाटले नसते. मुंबईत १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' चालू होता, "नऊ वाजता या" म्हटले की "कोणत्या नऊला?" असे विचारण्याची त्या पिढीला सवय होती.

ही सवय सुटली की काय होऊ शकते? २००७ साली पुण्याच्या पोलिसांनी इंटरनेटवरच्या एका आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात बंगळूरच्या एका तरुण इंजिनिअरला अटक केली. आधार होता तो आयपी अ‍ॅड्रेसवरून इंटरनेट कंपनीने कळविलेल्या ग्राहकाच्या तपशिलाचा. तो तपशील चुकीचा निघाला. पण हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्या निरपराध तरुणाने ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात काढले होते. त्याचा आणि त्या मजकुराचा काडीचाही संबंध नव्हता.

वही असती तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. आपल्या हातची वही हा काही न्यायालयातला निर्णायक पुरावा नव्हे. पक्की नोंद असते ती कंपनीपाशी. दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याची अट कंपन्यांच्या परवान्यात घातली. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवण्याबरोबरच सर्वांनी आपली घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवावीत, असेही बजावले आहे. पण बँकेत पक्के खाते असले म्हणून आपण पासबुक फेकून देतो का? बँकेत जाऊन कोणत्या तारखेच्या कोणत्या रकमेबद्दल विचारायचे, ते पासबुकच सांगते. वहीचेही तसेच. "अमुक दिवशी अमुक वाजता हा आकडा आमच्याकडे नव्हता, आपली नोंद पुन्हा तपासा," असे नेमके विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यावे लागते.

वही कशी ठेवावी

कृती सोपी आहे. राउटरच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर त्याचा घरातला पत्ता असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये घातला की राउटरचे पान उघडते; 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या मथळ्याखाली बाहेरचा आकडा दिसतो. "माझा आयपी अ‍ॅड्रेस काय?" असे सांगणारी संकेतस्थळेही आहेत, दुसऱ्या रकान्यासाठी त्यांतले एक पाहावे. वेळ मोबाइलची घ्यावी, भिंतीवरच्या घड्याळाची नको. राउटर स्वतःही टिपणे ठेवतो. परंतु बहुतेक घरगुती राउटरांची ही स्मरणशक्ती वीज गेली की पुसली जाते. म्हणजे नेमकी हवी तेव्हाच ती नसते.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे काम छोटासा प्रोग्रॅम करील." त्यांनी एका जुन्या लॅपटॉपवर तसा तो बसवूनही दिला. दर पाच मिनिटांनी तो आकडा पाहतो आणि बदलला असेल तरच तारीख-वेळेसह एक ओळ लिहितो. फार चांगले काम करतो. मी त्याची ओळ माझ्या ओळीशी रोज ताडून पाहतो. फिरत्या आकड्यामागे एक कायमचे नाव चिकटवून देणाऱ्या सेवाही आहेत. परंतु त्या आपले घर आज कुठे आहे एवढेच सांगतात, गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला कुठे होते ते सांगत नाहीत.

नव्या, आयपीव्ही-६ नावाच्या पद्धतीत आकड्यांचा तुटवडा असा नाहीच. आपल्या देशात ती झपाट्याने पसरली आहे. पण तिच्यातही कंपनीने घराला दिलेला आकड्याचा पुढचा भाग बदलू शकतो. ज्यांच्या राउटरवर असा लांबलचक आकडा दिसत असेल, त्यांनी वहीत सहावा रकाना आखावा.

एक पथ्य मात्र सांभाळावे. ही वही घरातलीच ठेवावी. आपला आजचा आकडा कोणी अनोळखी माणसाने फोनवर विचारला, तर तो सांगण्याचे कारण नाही.

सौ. आता या उद्योगाला रिकामपणा म्हणत नाहीत. मी गावाला गेलो की रात्री नऊची नोंद त्याच करतात. त्यांच्या अक्षरातला एक शेरा परवा वाचला: "वीज गेली नाही, तरी आकडा बदलला. कंपनीस विचारावे."

लक्ष्मीपूजनाला व्यापारी मंडळी वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली ओळ लिहितात. या पाडव्याला आपणही एक शंभर पानी वही घ्या, रकाने आखा, आणि पहिली ओळ लिहा. वेळेपुढे 'भारतीय प्रमाणवेळ' हे शब्द तेवढे विसरू नका.