हॅलो, ही लिंक कुठली?

जुन्या पुश-बटन फोनच्या पोटात काय दडलंय? स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या एका अनाडी लेकीची ही गोष्ट!

टक-टक-टक-टक... आणि कानात डायल टोन तस्साच!

डोंबिवलीला आईकडे फायबर आलं आणि ब्रॉडबँडसोबत लँडलाइनही मिळाली. आई जाम खूष. मोबाइलच्या स्क्रीनवरचे आकडे तिला नीट दिसत नाहीत, पण १९९४ मध्ये बाबांनी नंबर लावून मिळवलेल्या बदामी फोनवर तिची बोटं न बघता फिरतात. मग काय, माळ्यावरून फोन काढला, मोडेमला जोडला. रिंग वाजली, आवाजही सही. फक्त इथून फोन लागेना!

"नवीन घेऊन टाक ना," दादा म्हणाला.

"अरे, पण त्याची बटणं कुठे माझ्या ओळखीची?"

संपला विषय.

बटणं आहेत म्हणजे फोन 'टोन'वाला, असं आपल्याला वाटतं. चूक! टोन डायलिंगची सेवा अमेरिकेत १८ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. त्यात प्रत्येक बटणाला दोन सूर असतात. म्हणजे ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. पण जुन्या एक्स्चेंजना कळायची ती फक्त डायलची भाषा. त्यामुळे कित्येक पुश-बटन फोन आतून डायलचं सोंग करायचे. ५ दाबला की लाइन पाच वेळा तुटणार, सेकंदाला दहाच्या वेगानं. हे 'पल्स'. आजचे अनेक फायबर मोडेम ते ओळखतच नाहीत.

आईच्या फोनला टोन-पल्सचा स्विचच नव्हता. मी फोन उघडला. आत तपकिरी बोर्ड, एक चिप आणि जे-१, जे-२ अशी नावं छापलेले तारांचे छोटे तुकडे. ह्याच लिंक. दोन तर चक्क रेझिस्टरसारख्या दिसत होत्या, मध्ये एकच काळा पट्टा. त्यांचा अर्थ शून्य ओहम, म्हणजे वेष पालटलेली तारच!

यातली एक पल्सची असणार, असं ठरवून मी अंदाजपंचे जे-४ कापली. टोन आला नाहीच, वर ३, ६, ९ आणि हॅश मुके झाले. आई काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

शनिवारी फोन पिशवीत घालून लॅमिंग्टन रोड गाठला. रिपेअरवाल्या काकांनी बोर्ड दिव्यासमोर धरला आणि हसले. "मॅडम, तुम्ही पूल तोडलात."

फंडा असा. स्वस्त बोर्डवर तांब्याच्या रेघा एकाच बाजूला असतात. दोन रेघा एकमेकींना ओलांडणार कशा? वरून तार टाकून. अशी लिंक कसलीही सेटिंग नसते, नुसता पूल असतो. कीपॅडला चार आडव्या आणि तीन उभ्या लाइन असतात. मी तोडला तो तिसऱ्या उभ्या लाइनचा पूल.

दुसरी जात पर्यायांची. एकच बोर्ड वेगवेगळ्या देशांत खपवायचा तर नियम बदलतात. पल्समध्ये लाइन तुटलेली किती वेळ आणि जोडलेली किती वेळ, हे प्रमाण अमेरिकेत साधारण ६०:४०, तर ब्रिटनमध्ये ६७:३३. फ्लॅशचा वेळही निराळा. मग कंपनी हे सगळं लिंकवर सोडते.

ओळखायचं कसं? काकांनी मल्टिमीटर बीपवर ठेवला (लाइन काढूनच हं, रिंग येते तेव्हा तिथे ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो!). चिपवरचा नंबर पाहून तिची डेटाशीट मोबाइलवर काढली. मग प्रत्येक लिंकचं एकेक टोक कुठे जातं ते कागदावर. लिंकचं एक टोक चिपच्या पायाला, दुसरं थेट प्लस किंवा मायनसला आणि शेजारी एक रिकामं भोक असेल, तर तो बहुतेक पर्याय. आमची जे-७ अगदी तशीच निघाली. तिचा पाय डेटाशीटमध्ये 'मोड'चा.

पण चिपला टोन येतो का? काकांनी चंदेरी डबी दाखवली, वर ३.५८ छापलेलं. हा क्रिस्टल मुळात अमेरिकन रंगीत टीव्हीसाठी ढिगानं बनायचा, म्हणून स्वस्त. टोनच्या चिपांनी तोच उचलला. तो दिसला की आशा ठेवायला हरकत नाही.

काकांनी जे-७ कापली नाही. सोल्डर वितळवून उपटली आणि शेजारच्या भोकात बसवली. जे-४ च्या जागी लाल वायर टाकली. मी मात्र आधीचा फोटो काढायचा विसरलेच होते, तेवढ्यावरून बोलणी खाल्ली.

रात्री आईनं चष्मा न लावता मावशीचा नंबर फिरवला. त्यात दोन नऊ आहेत. मी श्वास रोखून उभी.

"हॅलो, कोण? अगं, मी बोलतेय. घरच्या फोनवरून!"

पुढे तासभर मला लाइन मिळाली नाही.