हस्तोद्योगाचे नाव : परंपरा सर्वांची, ओळख स्वतःची

माती, लाकूड, चामडे, धातू किंवा सूत यांपासून वस्तू घडविणारे हस्तोद्योग आपल्या देशात बहुधा कुटुंबाच्या वा बचत गटाच्या पातळीवर चालतात. त्यांच्याजवळ मोठे भांडवल नसते आणि जाहिरातीसाठी पैसाही नसतो. एकदा वस्तू घेतलेला ग्राहक पुन्हा त्याच कारागिराकडे यावा, यासाठी नाव हेच त्यांचे मुख्य साधन असते. म्हणूनच नावाची निवड हा केवळ हौसेचा विषय नसून अर्थकारणाचा आणि कायद्याचाही विषय आहे.

समूहाचे नाव

बहुतेक कारागीर गावाचे आणि वस्तूचे नाव जोडून आपल्या व्यवसायाचे नाव तयार करतात. कोल्हापुरी चप्पल, चन्नपट्टणची खेळणी, पोचमपल्ली इकत ही नावे ग्राहकाच्या परिचयाची असतात, हे त्यामागचे कारण. परंतु अशी नावे एका व्यक्तीची नसतात. १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आलेल्या वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ नुसार ती त्या प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाची मालमत्ता ठरतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे त्याची नोंदणीकृत मालक आहेत.

२०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीच्या पादत्राणांवरून वाद निर्माण झाला. त्यासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नव्हते. समूहाच्या नावाचे रक्षण कोणी करावयाचे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. प्रदेशातील प्रत्यक्ष उत्पादकाला मात्र ‘प्राधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करता येते. या नोंदणीचे शुल्क २०२० मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आले.

स्वतःचे नाव

मानांकन वस्तूचे मूळ सांगते. ती कोणत्या हातांनी घडविली, हे सांगत नाही. त्यासाठी व्यापारचिन्ह आवश्यक ठरते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार वस्तूचा प्रकार, गुण किंवा उत्पत्तिस्थान एवढेच सांगणाऱ्या नावाची नोंदणी सामान्यतः नाकारली जाते. अर्जापूर्वीच्या वापराने त्या नावाला वेगळी ओळख प्राप्त झाली असेल, तर अपवाद केला जातो.

समजा, एखादा कारागीर लाकडी खेळणी करतो. ‘लाकडी खेळणी केंद्र’ किंवा ‘उत्तम खेळणी’ ही नावे केवळ वर्णन करतात. शेजारच्या दुकानदाराला तेच शब्द वापरण्यापासून रोखता येत नाही. ‘भिंगरी’ हे नाव खेळण्याकडे संकेत करते. ‘पारिजात’ या शब्दाचा खेळण्याशी संबंधच नाही. तर नव्याने घडविलेला शब्द सर्वांत वेगळा. वस्तूच्या वर्णनापासून नाव जितके दूर, तितके त्याचे कायदेशीर संरक्षण बळकट. मात्र असे नाव ग्राहकाच्या मनात रुजण्यास वेळ लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

आडनावाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. दुसरी व्यक्ती स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरत असेल, तर कलम ३५ नुसार तिला अडविता येत नाही. धर्मग्रंथांच्या नावांनाही मर्यादा आहे. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या एकाच शब्दावर कोणालाही एकाधिकार सांगता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

नाव निवडण्यापूर्वी आधीच्या नोंदी पाहणे अगत्याचे आहे. केवळ अक्षरे भिन्न असणे पुरेसे नाही. उच्चारातील साम्यही विचारात घेतले जाते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्वसामान्य बुद्धीच्या आणि अपुरी आठवण असणाऱ्या ग्राहकाची कसोटी लावली होती.

नोंदणीची रीत

वस्तू व सेवांचे एकूण ४५ वर्ग असून त्यांपैकी ३४ वस्तूंचे आहेत. पादत्राणे २५ व्या, मातीची भांडी २१ व्या, तर खेळणी २८ व्या वर्गात येतात. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती व लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये ठेवले. इतरांसाठी ते ९,००० रुपये आहे. अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदविता येतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी किंवा दुकानाचा परवाना यांमुळे नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही. नोंदणी नसलेल्या नावालाही काही संरक्षण असते. परंतु त्यासाठी त्या नावाने मिळविलेला लौकिक न्यायालयात सिद्ध करावा लागतो. जुनी बिले आणि प्रदर्शनांतील सहभागाची पत्रे जपून ठेवणे म्हणूनच हिताचे.

थोडक्यात, कारागिराला दोन नावांची गरज आहे. परंपरेचे नाव ग्राहकाला वस्तूपर्यंत आणते, तर स्वतःचे नाव त्याला पुन्हा त्याच कारागिराकडे आणते. पहिले नाव समूहाने एकत्र येऊन जपावयाचे असते. दुसरे ज्याचे त्याने विचारपूर्वक निवडून वेळीच नोंदवावयाचे असते. केवळ पहिल्यावर विसंबणाऱ्या कारागिराचे कौशल्य बाजारात अनामिकच राहते आणि त्याचे मोल दुसऱ्याच्या पदरात पडते.