चौकांतला विझलेला दिवा



दक्षिण आफ्रिकेंत एखाद्याला रस्ता विचारला, तर "दुसऱ्या रोबॉटपाशीं डावीकडे वळा," असें उत्तर मिळतें. नवखा मनुष्य यंत्रमानव शोधूं लागतो. पण तेथें रोबॉट म्हणजे चौकांतला तांबडा, पिवळा आणि हिरवा दिवा. हा दिवा विझला म्हणजे काय करावें याचाहि तेथें नियम आहे : चारी बाजूंच्या वाहनांनीं रेषेवर थांबावें, आणि जो प्रथम आला त्यानें प्रथम जावें. राजकारण, रहदारी आणि महागाई यांविषयींची त्या देशांतील रोजची कुरकुर समजून घ्यावयाची असेल, तर जोहान्सबर्गमधील अशा एखाद्या विझलेल्या दिव्याखालीं क्षणभर उभें राहावें. तीनही तक्रारींची तेथें गांठ पडते.

प्रथम दिवा कां विझतो तें पाहूं. देशांतील बहुतेक वीज एस्कॉम ही सरकारी संस्था निर्माण करते. १९९८ सालीं सरकारच्याच धोरणपत्रिकेंत असा इशारा होता कीं, शिलकी वीज २००७ च्या सुमारास संपेल. इशारा वेळेवर आला. निर्णय मात्र वेळेवर झाला नाहीं. २००७ च्या अखेरीस, महाराष्ट्रालाहि ज्याची चांगली ओळख आहे तें भारनियमन सुरू झालें, आणि चूक सरकारची होती असें राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनीं त्याच डिसेंबरांत कबूल केलें. मेडुपी आणि कुसिले हीं कोळशावरचीं दोन प्रचंड केंद्रें हातीं घेतलीं. तीं रखडलीं आणि खर्च फुगला. इकडे जुन्या केंद्रांची निगा राहिली नाहीं. संस्थेंतील भ्रष्टाचार न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगानें २०१८ ते २०२२ या काळांत उजेडांत आणला. २०२३ सालीं तर ३०० हून अधिक दिवस वीजकपात झाली. एक 'पायरी' म्हणजे सुमारें एक हजार मेगावॉटची कपात, हें गणित पोराटोरांनाहि पाठ झालें. आज चौथी पायरी कीं सहावी, हें पाहूनच गृहिणीनें स्वयंपाकाची वेळ ठरवावी, असे ते दिवस होते. २०२४ च्या मार्चअखेरीपासून सलग दहा महिने कपात झाली नाहीं, आणि २०२५ सालीं ती अधूनमधूनच आली. परंतु तारांची चोरी आणि जीर्ण झालेलीं नगरपालिकांचीं यंत्रें यांमुळें चौकांतले दिवे त्यानंतरहि विझतच राहिले.

आतां चौकांत कोण थांबलें आहे तें पाहूं. सर्वांत पुढें आहे ती पंधरा उतारूंची पांढरी टॅक्सी. तिला वेळापत्रक नाहीं. जोहान्सबर्गमध्यें रस्त्याच्या कडेला उभें राहून तर्जनी आभाळाकडे केली, म्हणजे 'शहरांत जावयाचें आहे' हें चालकास कळतें. मागच्या बाकावरचें भाडें हातोहात पुढें सरकतें आणि सुटे पैसे त्याच वाटेनें परत येतात. ही टॅक्सी वाटेल तेथें थांबते आणि वाटेल तशी घुसते, म्हणून मोटारवाले तिच्या नांवानें बोटें मोडतात. पण तिच्या घाईलाहि इतिहास आहे. वर्णभेदाच्या राजवटीनें कृष्णवर्णीयांना शहरापासून कोसों दूर वसविलें, आणि त्यांना कामावर आणण्याची सोय मात्र अपुरी ठेविली. ती उणीव या टॅक्सींनीं भरून काढली. १९८८ च्या कायद्यानें त्या धंद्याला मोकळी वाट मिळाली. १९९४ सालीं सर्वांना मताचा अधिकार मिळाला, तरी घर आणि काम यांतलें अंतर कमी झालें नाहीं. अनेक चालकांना मालकाला ठराविक रक्कम द्यावी लागते व वरचें उरेल तें त्यांचें. म्हणून एक फेरी चुकली तर पोटाला चिमटा बसतो.

तिच्या मागें खासगी मोटार आहे. पेट्रोलचा भाव तेथें सरकार ठरवितें आणि तो दर महिन्याच्या पहिल्या बुधवारीं बदलतो. वाढ व्हावयाची असली कीं मंगळवारीं पंपावर रांग लागते. त्या भावांत इंधनकर असतो, आणि अपघातनिधीसाठीं लिटरमागें दोन रँडहून अधिक पट्टी असते. एवढें भरूनहि पुढें खड्डा येतोच! कडेला पिवळें जाकीट घातलेला मनुष्य हातवारे करून वाहनें सोडतो व चार नाणीं मिळवितो. २०२५ च्या पूर्वार्धांत बेकारीचें प्रमाण सुमारें ३३ टक्के होतें. त्याचें हें चालतेंबोलतें रूप.

मग लोक करतात काय? मतपेटींतून त्यांनीं उत्तर दिलें. २९ मे २०२४ च्या निवडणुकींत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला केवळ ४० टक्के मतें मिळालीं. तीस वर्षांचें बहुमत गेलें आणि संमिश्र सरकार आलें. पुढील फेब्रुवारींत विक्रीवरील कर १५ वरून १७ टक्के करण्याचा बेत भागीदारांनींच अडविला, त्यामुळें अंदाजपत्रकच लांबणीवर पडलें; आणि एप्रिलांत सौम्य केलेली करवाढहि मागें घ्यावी लागली. रस्त्यावरहि असाच नकार यशस्वी झाला. गाउटेंग प्रांतांतील महामार्गांवर डिसेंबर २०१३ मध्यें यंत्राद्वारें पथकर सुरू झाला. बहुसंख्य मोटारवाल्यांनीं तो भरलाच नाहीं, आणि एप्रिल २०२४ मध्यें तो बंद झाला. पण रस्त्यांसाठीं काढलेलें कर्ज कांहीं बंद झालें नाहीं. तें शेवटीं सार्वजनिक तिजोरीवरच पडलें.

दुसरा उपाय अधिक शांतपणें चालला आहे. ज्यांना परवडतें त्यांनीं छपरावर सौर तावदानें बसविलीं, अंगणांत कूपनलिका खोदली, दारावर खासगी पहारा ठेविला. त्यांना दोष कसा द्यावा? अंधारांत बसण्याचा आग्रह कोणी कोणास करूं नये. परंतु विजेच्या विक्रीवर नगरपालिकेचें बरेंचसें उत्पन्न चालतें. चांगलें गिऱ्हाईक गेलें कीं तें घटतें, दुरुस्ती लांबते, आणि उरलेल्यांचा दर वाढतो. मग आणखी कांहीं घरें आपापली सोय पाहतात. घरांत दिवा येतो, पण चौकांतला दिवा कोणाच्याच छपराखालीं नसतो. सौर तावदानाचा मालकहि सकाळीं त्याच चौकांत टॅक्सीमागें उभा राहतो.

तरीहि त्या चौकांत रोज एक गोष्ट घडते, तिची दखल घेतली पाहिजे. पोलीस नाहीं, दिवा नाहीं. अधूनमधून कोणी घुसतो, शिव्याहि ऐकूं येतात. पण बहुधा मोटार थांबते, टॅक्सी जाते. मग समोरचा जातो, मग डावीकडचा. एकमेकांची भाषा न जाणणारीं माणसें हाताच्या खुणेनें पाळी ठरवितात. एवढा समंजसपणा ज्यांच्या अंगीं आहे, त्यांना तो दिवाहि नीट लावून मिळाला पाहिजे. आणि त्याचा खर्च टॅक्सींतल्या उतारूनें व सौर तावदानाच्या मालकानें मिळून उचलल्यावांचून तो लागणार नाहीं.