माका ओळखा, कुंडीत लावा

गणेशचतुर्थी जवळ आली की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या गृहिणींना पत्रीची चिंता लागते. गाझियाबादेतील इंदिरापुरम, वैशाली किंवा वसुंधरा या वसाहतींत दूर्वा, तुळस, बेल मिळून जातात. अडते ते माक्यापाशी. एकवीस पत्रींत त्याचा मान आहे, पितृपक्षातही तो लागतो आणि केसांच्या तेलासाठी तर घरोघरी हवा असतो. वास्तविक पावसाळ्यात हे रोप तिथेही ओलसर जागी आपोआप उगवते. स्थानिक माळ्याला 'भृंगराज' किंवा 'भांगरा' म्हटले की त्याला समजते. प्रश्न आहे तो नेमके ओळखण्याचा.

नेमका माका कोणता?

माका सूर्यफुलाच्या कुळातला. पाने लांबट, टोकदार, समोरासमोर व जवळजवळ बिनदेठाची. हात फिरवला तर खरखरीत लागतात. दांडा बऱ्याचदा तांबूस असतो. फूल पांढरे, शर्टाच्या लहान बटणाएवढे. खात्री करायची असेल तर पान चुरगळून पाहा. रस आधी हिरवा दिसतो, पण हवा लागताच थोड्या वेळात काळपट होतो.

फसगत होते ती त्याच्या भाऊबंदांमुळे. एकदांडीचे फूल लांब दांड्यावर एकटेच डोलते, त्याचा मध्य पिवळा असतो आणि बी म्हातारीसारखे उडते. बागेत जमिनीवर पसरणारा 'वेडेलिया' पिवळ्या फुलांचा. तो आपला पांढरा माका नव्हे.

सर्वांत सांभाळायचे ते गाजरगवतापासून. त्याचीही फुले पांढरी व बारीक, पण ती झुबक्यांनी येतात आणि पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतो. परागकणांनी दम्याचा त्रास वाढू शकतो. म्हणून आधी पानांचा आकार पाहावा, मगच रोपाला हात लावावा.

नाल्याकाठचा नको

माका खरा असला तरी तो कुठे वाढला, हेही महत्त्वाचे. गाझियाबादमधून वाहणाऱ्या हिंडन नदीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळते. अशा पाण्यावर वाढलेला पाला तेलात किंवा औषधात वापरू नये. त्यापेक्षा बाल्कनीतली एक कुंडी बरी.

लागवड अगदी सोपी

जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी रुंद कुंडीत माती व शेणखत मिसळून भरा. सुकलेल्या फुलातले काळपट बी वरच भुरभुरवा. ते मातीखाली दाबू नका, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. माती सतत ओली ठेवा. बी नसेल तर स्वच्छ जागचा फाटा आणून लावा. ओल्या मातीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटतात. रोप उगवल्यावर साधारण पाच-सहा आठवड्यांत फुले येतात, म्हणजे गणपतीपर्यंत पत्री तयार! तिकडच्या कडाक्याच्या थंडीत रोप मरगळते, तेव्हा ऑक्टोबरातच बी गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवा.

तेलाबद्दल दोन शब्द

माक्याचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मात्र त्याने पिकलेले केस पुन्हा काळे होतात, हे सिद्ध झालेले नाही. तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस थांबा. खाज आली नाही, तरच डोक्याला लावा. रस पोटात घ्यायचा असेल तर वैद्यांना विचारूनच. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी.

एकदा कुंडीत रुजलेला माका बी टाकत राहतो. पुढच्या पावसाळ्यात शेजारणीलाही एक रोप देता येईल आणि पत्रीसाठी तिलाही नाल्याकाठी फिरावे लागणार नाही.