जनावराला मीठ कळते, चुना कळत नाही



गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यात वाढे येतात, आणि त्यापाठोपाठ चाटणविटा व खनिजांचे डबे विकणारेही दारात येतात. घोडे पाळणाऱ्यांना तर असेही सांगतात की, मीठ, कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे वेगवेगळ्या खणांत मांडून ठेवा; अंगात ज्याची उणीव असेल ते जनावर आपणहून चाटील. गाई-बैलांच्या बाबतीतही हेच ऐकू येते. मुक्या जिवाला आपले हित कळते, ही आपली जुनीच समजूत. ती मिठापुरती खरी आहे. बाकी खनिजांच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबणे महागात पडते.

आधी मिठाचे पाहू. आगाशी-वसईचा पट्टा मीठ आणि ऊस दोन्ही ओळखणारा. खाडीकाठी मिठागरे, आणि बागायतीत पूर्वी केळीच्या जोडीने ऊस. ठाणे जिल्ह्याच्या 1882 सालच्या गॅझेटियरात वसईच्या उसाची नोंद आहे. समुद्रकाठच्या गवतावर खाऱ्या वाऱ्याने थोडेफार मीठ बसतेच. देशावरच्या वैरणीत ते फार कमी असते, म्हणून तिकडचे जनावर भिंत चाटते, दुसऱ्याचे अंग चाटते. अंगातले मीठ घटले की शरीरच मिठाची भूक जागी करते. घोड्याच्या घामातून तर मीठ भरपूर जाते. साधारण 500 किलो वजनाच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. घामाघूम काम असेल तर कितीतरी जास्त.

पण ही भूकही तराजूने तोललेली नसते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 1987 साली पाहिले, तेव्हा काम नसलेले घोडे मीठ पुढे ठेवल्यावर दिवसाला 19 ग्रॅमपासून 143 ग्रॅमपर्यंत खात होते. जादा मीठ लघवीवाटे निघून जाते. पाणी मात्र मुबलक हवे.

आता कॅल्शियम, म्हणजे आपल्या बोलीत चुना. त्याच विद्यापीठाने 1978 साली घोडे व तट्टांना कॅल्शियम कमी असलेला खुराक देऊन कॅल्शियम वेगळे पुढे ठेवले. त्यांनी उणीव भरून निघेल असे ते खाल्ले नाही. हाडातला चुना झिजत राहतो, तरी जिभेला त्याची खबर नसते. दुभत्या गाईंपुढे 1977 साली असेच खण मांडून पाहिले, तेव्हा गाईंनीही गरजेप्रमाणे निवड केली नाही. जनावर चव पाहून खाते. ज्यात मळी घातली आहे ते जास्त, जे कडवट आहे ते कमी.

फॉस्फरस फारच कमी पडला तर गुरे हाडे, माती, चामडे चघळतात. दक्षिण आफ्रिकेत अशी हाडे चघळून गुरे लुळी पडून मरत. मेलेल्या जनावरांच्या हाडांतले विष हे त्याचे कारण, असे थीलर या पशुवैद्यकाने 1920 च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे भूक खरी होती, पण तिने जनावराला नेले मरणाकडे.

आपल्या सभासदांनी हे ध्यानात घेण्याचे मुख्य कारण वाढे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, मग ते अंगी लागत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जीवजंतू काही ऑक्झॅलेट फोडतात, तरी महिनोन्‌महिने नुसती वाढीच घातली तर दूध घटते, गाय वेळेवर गाभण राहत नाही, व्यायल्यावर खाली बसते. घोड्याच्या पोटात ती सोय नाही. ऑक्झॅलेटची वैरण आणि वर तोबऱ्यात नुसता गव्हाचा कोंडा, ज्यात फॉस्फरस जास्त, असे चालले तर घोडा लंगडतो, तोंडाची हाडे फुगतात. पुढ्यात चुना ठेवलेला असला तरी तो आपणहून त्याकडे जाईलच असे नाही.

तेव्हा करावे काय?

1. मीठ जनावराच्या मर्जीवर सोडा. गव्हाणीजवळ, पावसात भिजणार नाही अशी, मिठाची वीट किंवा खडेमीठ ठेवा. पाणी चोवीस तास.

2. बाकी खनिजे मापून द्या. दुभत्या गाई-म्हशीला रोज 50 ते 100 ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत कालवून. मिश्रणात मीठ घातलेले आहे का, ते पाकिटावर वाचा.

3. वाढ्यांबरोबर कडबा व द्विदल चारा द्या. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका.

4. घोड्याला वाढी व कोंडा मुख्य खुराक म्हणून नको. गाईचे मिश्रण त्याला परस्पर देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

5. युरिया घातलेली वीट वासराला व घोड्याला देऊ नका.

उसाला खत घालताना आपण माती तपासून घेतो. ऊस काय मागतो, ते त्याच्या पानाकडे नुसते पाहून ठरवत नाही. गोठ्यातही तोच हिशेब ठेवावा. मिठापुरते जनावराचे ऐकावे, बाकीचे माप आपल्या हाती ठेवावे.