खोली नव्हे, माणूस तापवणारी आग

पूर्वी हिवाळ्यात घर उबदार कसे ठेवत, असे विचारले की देशावरची जुनी माणसे चूल, बंब, शेगडी यांची नावे घेतात. गंमत अशी, की यातली एकही वस्तू खोली तापवण्यासाठी घडवलेली नव्हती. थंडी नव्हती असे नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. पण अशा रात्री मोजक्याच. त्यांच्यासाठी निराळे सरपण जाळणे कुणाला परवडणार? तापवायचे ते माणसाला.

बंबाची रचना पाहावी. तांब्याच्या पिंपात मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी. नळीत वरून कोळसे, ढलप्या, शेंगांची टरफले टाकायची. विस्तव आत आणि पाणी भोवती, त्यामुळे बरीचशी आच पाण्यातच उतरे. रशियन समोवाराची घडण अशीच असते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे सारे घर एका बंबावर न्हाऊन निघे. जितके कढत पाणी काढाल तितके गार ओतायचे, एवढे पथ्य. नाहीतर तांब्याचा डाख सुटायचा.

चुलीची ऊब आडवाटेने मिळे. शेजारच्या वैलावर दूध संथ तापे. रात्री निखारे राखेखाली पुरत. राखेमुळे हवा कमी पोचते, म्हणून निखारा भराभर जळून न जाता सकाळपर्यंत धुमसत राहतो. मातीच्या जाड भिंती मुरलेली ऊब सावकाश परत देत. म्हाताऱ्यांची अंथरुणे चुलीलगतच्या माजघरात पडत, ती यासाठी.

अपवाद एकच, बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा-शेपा आणि दारे-खिडक्या घट्ट बंद. इथे खोलीच तापे आणि धोकाही इथेच सर्वांत मोठा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. जाणवे तो ओव्याचा. डोके जड झाले की दोष बाळंतपणाच्या अशक्तपणाला जाई.

१९५५मध्ये मुंबईत बर्शेनचे सिलिंडर आले. पुढच्या काही दशकांत गॅस गावोगाव पोचला. चुलीच्या आठवणी गोड लागतात, पण त्या सांगणारे बहुधा चुलीपुढे शेकत बसलेले असत. फुंकणीने जाळ फुलवणारीच्या डोळ्यांत आणि छातीत धूर साठत होता. गॅसने तो घालवला. ऊबही त्याच्याबरोबर गेली, कारण बटण बंद करताच ओटा गार पडतो.