नऊ लोकल आणि एक डबा

२०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत रिपब्लिकन बाजूने ट्रान्सजेंडर व्यक्तींविरोधातल्या टीव्ही जाहिरातींवर सुमारे २१.५ कोटी डॉलर ओतले. रुपयांत साधारण १,८०० कोटी! आणि ज्यांच्यावरून हे रान पेटवलं, ती माणसं तिथल्या लोकसंख्येत शंभरात जेमतेम एक भरतात.

एवढा पैसा कशासाठी? ते बदलापूर लोकलच्या हिशेबात नीट कळतं. सकाळच्या गर्दीत १२ डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांवर माणसं कोंबलेली असतात. २०२० मध्ये अमेरिकेत १५ कोटी ८० लाखांच्या आसपास मतं पडली. जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली बायडेन यांची आघाडी मात्र एकत्र केली तरी ४३ हजार भरत नाही. म्हणजे जेमतेम नऊ-दहा लोकल. ही तीन राज्यं हातची गेली असती, तर इलेक्टोरल मतांचा सामना २६९-२६९ असा बरोबरीत अडकला असता.

आपल्याकडे २०२४ च्या विधानसभेला ९ कोटी ७० लाख मतदार होते. आपल्याच ठाणे जिल्ह्यात बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. लोकलचा एक डबा!

फूट पाडणारा मुद्दा प्रचारकाला परवडतो तो यामुळेच. पाणी, रस्ते, जादा गाड्या द्यायला वर्षं लागतात. माणसाला माणसाविरुद्ध उभं करायला एक भाषण पुरतं, आणि हलवायची असतात मोजकीच मतं.

आपल्याकडेही हेच दिसलं. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवरील अत्याचाराच्या संतापातून लोक रुळांवर उतरले. सुमारे दहा तास गाड्या बंद होत्या. सत्ताधाऱ्यांनी आंदोलनामागे राजकारण पाहिलं, विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ अशी पोस्टर्स झळकली. रेल रोकोनंतर ९२ दिवसांनी विधानसभेचं मतदान झालं. तोवर राज्यभर ‘बटेंगे तो कटेंगे’, ‘व्होट जिहाद’ घुमत होतं. शाळेत मुली सुरक्षित कशा राहतील, हा सगळ्यांना एकत्र आणणारा प्रश्न त्या गलक्यात मागे पडला. याचं मला मनापासून दुःख आहे.

आता सगळ्यात बोलका आकडा. उल्हासनगर आणि अंबरनाथ ज्या कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, तिथे २०२४ मध्ये २० लाखांहून जास्त मतदार होते. मतदान झालं सुमारे ५० टक्के. घरी राहिले १० लाखांवर. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची लोकसंख्या मुलाबाळांसह ९ लाख ३३ हजारांच्या आसपास होती. मत न देणारे त्याहूनही जास्त!

मोजक्या मतांवर डाव खेळता येतो, कारण बाकीचे लाखो जण बाजूला बसतात. ते केंद्रावर आले आणि त्यांनी शाळेचं, पाण्याचं, गाडीचं उत्तर मागितलं, तर कुठल्याही भडक घोषणेला एवढी मतं फिरवता येणार नाहीत.